मानेपुरतं विष

११ नोव्हेंबर, सोमवार

तारीख मिळाली! परवा, बुधवारी!

संभाजीनगरहून डॉक्टर मॅडमच्या दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी एका बाईच्या केसांना मेंदी लावत होते. आनंदानं हात हलला, मान तर आधीच डावीकडं – मेंदी लागली खुर्चीच्या पाठीला. बाईनं आपणच डोकं माझ्या हाताखाली आणलं. माझ्या पार्लरमधे येणाऱ्यांना आता सवय झाली आहे. गेवराईत सगळ्यांना ठाऊक आहे, पंचशीला भिंतीकडं बघून बोलते, पण बोलते आपल्याशीच.

चार वर्षं झाली. मान डावीकडं वळते ती वळतेच. वेसण धरून बैल ओढावा तशी ओढली जाते. संध्याकाळी खांद्यापासून कानामागपर्यंत नुसता ठणका. हनुवटीला एक बोट टेकवलं की गुमान सरळ होते, बोट काढलं की परत तिकडंच. म्हणून लोकांना वाटतं मी सारखी विचारात असते. तालुक्यातली सगळ्यात विचारी बाई!

हाडाच्या डॉक्टरनं पट्टा दिला. दुसऱ्यानं उशी बदलायला सांगितली. तिसरा म्हणाला, टेन्शन घेऊ नका. मालिशवाल्यानं अशी पिरगळली की आठ दिवस पाणी गिळताना रडू यायचं. शेजारच्या भिवराबाई म्हणाल्या, बाहेरचं आहे. आणि गेल्या महिन्यात ह्या मॅडम – हातसुद्धा न लावता नुसत्या बघत बसल्या, बोट लाव म्हणाल्या, काढ म्हणाल्या, आणि नाव सांगितलं. डिस्टोनिया. मेंदूचा निरोप चुकतो आणि मानेचे काही स्नायू आवळून बसतात. नखरा नाही, वेड नाही, करणी नाही. मी तिथंच रडले. मग हसले. नुसतं नाव कळलं तरी अर्धं बरं वाटलं.

आणि औषध काय, तर बोटॉक्स! नट्या सुरकुत्या घालवायला घेतात तेच. पार्लरवालीला बोटॉक्स! माझा नवरा प्रवीण त्या दिवशी बसमधे गेवराईपर्यंत हसत होता.


१२ नोव्हेंबर

घरात सभा भरली.

आत्याबाईंनी – म्हणजे माझ्या सासूबाईंनी, सरूबाईंनी – लसूण सोलता सोलता विचारलं, सुईत असतंय तरी काय. प्रवीण सरळ मनुष्य. खरं सांगून टाकलं. नासक्या अन्नात एक जंतू होतो, त्याचं विष. अगदी कणभर.

लसूण सोलायचं थांबलं. "चांगल्या हिंडत्याफिरत्या बाईला इष टोचायला नेतोस? कावून?"

प्रवीण महावितरणात वायरमन. त्याला जगात सगळीकडं वायरीच दिसतात. तो म्हणाला, एखादी मोटार उगीच करंट ओढत असली तर आपण सगळ्या गावाची लाईट घालवतो का? तेवढ्या मोटारीचा फ्यूज काढतो. हे विष म्हणजे फ्यूज काढणं. आवळलेला स्नायू सैल पडतो, बाकी अंगाला काही नाही.

आत्याबाई म्हणाल्या, मग फ्यूज परत बसतो का? बसतो म्हणाला, तीन महिन्यांनी. मग परत काढायचा. त्यांनी लसूण पुढं ओढला. पटलं का नाही ते कळलं नाही, पण थोड्या वेळानं आतून म्हणाल्या, "बसमधी खिडकीजवळ बसव तिला. डाव्या अंगाला. बघायला तरी मिळंल."

वनितानं मात्र आजच अट घातली. वनिता माझी नणंद, पार्लरमधली माझी जोडीदार. येत्या बावीस डिसेंबरला तिचं लग्न. म्हणाली, "वहिनी, माझ्या भिवया तूच करायच्या. न्हाई तर मी अशीच उभी राहीन, रानटी."

थ्रेडिंगला दोऱ्याचं एक टोक दातात धरावं लागतं. डोकं जरा हललं तर कातडी कापते. दोन वर्षं झाली मी दोरा हातात घेतलेला नाही. वनिताच करते सगळ्यांच्या. तिला मीच शिकवलंय. ती म्हणते, जिनं शिकवलं तिच्याच हातून.

मी हो म्हणाले. वेडी आहे मी.


१३ नोव्हेंबर

टोचून आले!!

मॅडमनी मानेला वायरी चिकटवल्या. प्रवीण खूश. सुई आत गेली की मशीनमधून आवाज येतो – आवळलेला स्नायू असला की तव्यावर मोहरी तडतडावी तसा तडतडतो. मॅडम कान देऊन ऐकतात आणि जिथं जास्त तडतडतंय तिथंच औषध सोडतात. माझी मान बोलत होती! चार वर्षं मलाच ओरडून सांगत होती, आज कुणीतरी ऐकलं.

गंमत म्हणजे मान वळते डावीकडं आणि मोठा गुन्हेगार निघाला उजव्या बाजूला. उजवीकडचा जाड स्नायू आवळला की तोंड डावीकडं फिरतं म्हणे. आणि मी चार वर्षं डावी बाजू चोळत बसले!

दुखलं का? दुखलं. पण मालिशवाल्यापुढं काहीच नाही.

लगेच फरक पडणार नाही, धीर धरा, असं मॅडमनी बजावलंय. बसमधे दर थांब्याला प्रवीण विचारत होता, काही वाटतंय का. पाचोडला मी म्हणाले, भूक.


१५ नोव्हेंबर

काही नाही.


१८ नोव्हेंबर

काहीच नाही! उलट भाकरीचा घास घशाशी अडतोय. मॅडमना फोन केला. होतं असं थोडे दिवस, मऊ खा, पाण्याबरोबर खा, श्वासाला काही त्रास वाटला तर मात्र लगेच निघून या म्हणाल्या. आत्याबाईंनी भाकरी दुधात कुस्करून दिली. "इष हाय ते," एवढंच म्हणाल्या आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहिल्या.

वनिता शालूचे – म्हणजे तिच्या पांढऱ्या साडीचे – फोटो दाखवते. मी बोट हनुवटीला लावून बघते. छान आहे म्हणते. 


२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान. पार्लर बंद. शाळेत ही लांब रांग.

उजवीकडून भिवराबाईंनी हाक मारली – पंचशीले! मी बघितलं. त्या काहीतरी विचारत होत्या, साखर का गूळ, मला ऐकूच आलं नाही. कारण मी उजवीकडं बघत होते! बोट न लावता! मान आपली आपण गेली होती, एखादी गाय हाक मारल्यावर वळून बघते तशी. लगेच परत फिरली, पण गेली होती!

रांगेत एकटीच हसायला लागले. पोलीस माझ्याकडं बघायला लागला.


२३ नोव्हेंबर, शनिवार

गावात निकालाचे फटाके, गुलाल. कोण आलं, कोण पडलं, विचारायलाही गेले नाही. माझा निकाल आरशात लागला!

सकाळी पार्लर उघडलं, दिवा लावला, आणि मोठ्या आरशात एक बाई माझ्याकडं सरळ बघत होती. दोन्ही कान एकदम! चार वर्षं मला माझा एकच कान दिसायचा. दुसरा आहे हे हातानं चाचपून माहीत होतं. डाव्या कानातलं झुबकं काळं पडलंय, मला कुणी सांगितलंच नाही!

वनिता आली. दारात थांबली. मग पिशवी टाकून इतक्या जोरात मिठी मारली की मी ओरडले, मोडशील परत. दोघी खुर्चीत फिरत बसलो, लहान पोरींसारख्या. गिऱ्हाईक आलं तरी कळलं नाही.

अगदी शंभर टक्के सरळ नाही. दमले की थोडी कलते. पण ठणका नाही. ठणका नाही! आज दिवसभरात एकदाही गोळी घेतली नाही. दुखणं गेल्यावर किती जागा होते अंगात!


२६ नोव्हेंबर

आज स्कूटी काढली. तीन वर्षं शेडमधे होती, कोंबडीनं खाली अंडी घातलेली. प्रवीणनं टायरमधे हवा भरली, पेट्रोल घातलं, माझ्याकडं बघितलं आणि आपणहून बाजूला झाला.

मागं कोण बसणार? वनिता पार्लरमधे. आत्याबाई पदर खोचून पुढं आल्या. म्हणाल्या, पडलो तर दोघी पडू, म्हातारी काय आज ना उद्या जायचीच हाय.

शहागडच्या पुलापर्यंत गेलो! सोलापूर-धुळे हायवे, शेजारून वाळूचे हायवा ट्रक सुसाट, आत्याबाईंनी माझी कंबर अशी आवळलेली की पोटातला चहा वर आला. गोदावरी बघितली. पुलाच्या डाव्या अंगाची आणि उजव्या अंगाचीसुद्धा! आत्याबाई कठड्याला धरून उभ्या. मग पाण्याकडं बघत म्हणाल्या की एक सांगते, प्रवीणला बोलायचं नाही. दोन वर्षांमागं त्या भिवराबाईबरोबर गुपचूप एका बाबाकडं माझ्या नावानं लिंबू उतरवायला गेल्या होत्या. सगळी हयात ज्या बाईनं असल्या गोष्टी घरात येऊ दिल्या नाहीत, तिनं! "तुझं रडणं बघवंना मला," म्हणाल्या.

मी विचारलं, बाबा काय म्हणाला. म्हणाल्या, "म्हणाला, सुनंची नजर वाकडी हाय. मी म्हनलं, नजर न्हाई मुडद्या, मान हाय. आन् लिंबू त्याच्याच अंगावर फेकून आले."

पुलावर दोघी इतक्या हसलो की एक टेम्पोवाला थांबून विचारून गेला, काही झालं का.


२८ नोव्हेंबर

गावभर झालं! पार्लरवाली पंचशीला नटीचं इंजेक्शन घेऊन आली!

सकाळपासून बायका येतायत. कुणाला कपाळाची आठी घालवायची, कुणाला गळ्याची. एकीनं तर नवऱ्याच्या डोळ्याखालच्या पिशव्यांचं विचारलं. मी सांगून सांगून दमले – बायांनो, मी मेंदीवाली, सुई माझ्या हातात शोभत नाही, हे डॉक्टरनंच द्यायचं असतं, आणि माझ्या सुरकुत्या बघा, आहेत तशाच आहेत! त्या माझ्या कपाळाजवळ येऊन बारीक डोळ्यांनी बघतात आणि म्हणतात, कमी झाल्यात की.

दुपारी छबुअक्कांची जीप. छबुअक्का म्हणजे राधाकिशनरावांच्या मंडळी – गोदाकाठची मोठी शेती, राजकारण, बाजारातून जीप निघाली की भाजीवाल्या टोपल्या मागं ओढतात. एरवी मला वाड्यावर बोलावतात, ओसरीवर बसून मेंदी लावून यायची. आज पहिल्यांदा स्वतः दुकानात! खुर्चीत बसल्या, आरशात गाल ताणून बघितले, म्हणाल्या, "मला बी मार ते. विसाची दिसले पायजे." सगळं दुकान हसलं. त्याही हसल्या. पण जाताना दारात थांबून माझ्या मानेकडं बघत राहिल्या. 


२ डिसेंबर

डोकं जड वाटतंय. मान सैल पडली ती जरा जास्तच, पाटीवर कलिंगड ठेवल्यासारखं डोकं डुगडुगतं. भांडी घासताना पुढं लवतं. मॅडम म्हणाल्या, उतरेल हे, मान टेकून बसत जा.

बावीस तारीख. दोरा दातात धरून बघितला. हात थरथरले, मान नव्हे! हातांना काय झालं आता? सवय गेली.


४ डिसेंबर

सराव चालू. प्रवीणच्या पोटरीवर. एक पाय गुळगुळीत केला. तो ओठ चावून बसला होता. खांबावर चढणारा माणूस, अकरा हजारच्या लाइनला न भिणारा, दोऱ्याला ओरडला! दुसरा पाय द्यायला तयार नाही. म्हणतो, उद्या पोलवर चढलो आणि खालून कुणी बघितलं तर काय सांगू.


६ डिसेंबर

पहाटे विहारात. मेणबत्त्या, पांढरे कपडे, सगळे शांत.

चार वर्षं मी बाबासाहेबांच्या फोटोपुढं उभी राहायचे आणि वंदना जायची शेजारच्या खिडकीला. आज समोर बघून म्हटली, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. डोळे भरले. कुणी विचारलं नाही, आज सगळ्यांचेच भरलेले असतात.


१० डिसेंबर

छबुअक्का परत आल्या. जीप लांब उभी केली. डोक्यावर पदर, एकट्या. वनिताला म्हणाल्या, जरा चहा सांगून ये. ती गेल्यावर दार लोटलं.

मला वाटलं, आता गालाचं काढणार.

"पंचशीला," म्हणाल्या, "मुठीला चालतंय का गं ते?"

मला आधी समजलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. राधाकिशनरावांना दोन वर्षांमागं लकवा झाला. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, पण डावा हात कोपरात मुडपलेला आणि मूठ गच्च. उघडतच नाही. सभेत ते उपरणं हातावर घेऊन बसतात, लोकांना वाटतं ऐट आहे. आत नखं वाढून तळव्यात रुततात. कापता येत नाहीत, धुता येत नाही, वास येतो. अक्का रोज मुठीत कापूस सारायला जातात आणि ते झिडकारतात. दोन वर्षांत ते कुणाच्या शेजारी जेवायला बसलेले नाहीत. अक्कांच्यासुद्धा.

हे सगळं त्या आरशाकडं बघत सांगत होत्या. मी त्यांच्या मागं उभी, आरशात त्यांच्याकडं सरळ बघत. पाणी दिलं. प्यायल्या. माझ्या दुकानातलं पहिल्यांदा.

लगेच मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, लकव्यानंतर हात असा ताठ होतो, त्याला हे देतात, पण आधी बघावं लागेल, आणि नुसतं इंजेक्शन देऊन भागत नाही, नंतर हाताचा व्यायाम नेटानं करावा लागतो. आणि हातात ताकद परत येईल असं मी म्हणणार नाही, मूठ सैल होईल एवढंच.

अक्का म्हणाल्या, "सैल झाली तरी बास. धुता यील." मग उठल्या. "तुझं नाव सांगून जाते तिथं."

माझं नाव! आख्ख्या तालुक्यात ज्यांचं नाव चालतं, त्या माझं नाव सांगून जाणार!


१६ डिसेंबर

डोक्याचा जडपणा गेला. हात बसला! आज भिवराबाईंच्या भिवया केल्या. बिचारी स्वतःहून बसली, "कापलीस तर कापलीस, माझं काय आता लगीन व्हायचंय." एक थेंब रक्त नाही. दोन्ही सारख्या! भिवराबाईंनी आरसा हातातून सोडला नाही.


२१ डिसेंबर

घर पाहुण्यांनी फुललंय. दोरा तीनदा पिशवीत ठेवला, तीनदा काढून बघितला. उद्या.


२२ डिसेंबर, रविवार

झालं!

सकाळी पार्लरमधे दोघीच. बाहेर सगळे घाई करा म्हणून दार वाजवतायत. वनिता डोळे मिटून खुर्चीत. मी दोरा दातात धरला. मान – माझी ही चार वर्षांची द्वाड मान – जागची हलली नाही. डावी भिवई, उजवी भिवई. दोरा फिरतोय, चर्र चर्र. वनिताच्या डोळ्यांतून पाणी. मी म्हणाले, दुखतंय का. म्हणाली, "न्हाई गं. तू समोर बघतीयेस."

मग मीही रडले. दोरा दातातून सुटला. दोघींनी काजळ नव्हतं घातलेलं ते बरं.

पांढऱ्या साडीत काय दिसत होती! मंडपात त्रिशरण-पंचशील झालं, पुष्पवृष्टी झाली, आत्याबाई पहिल्या ओळीत ताठ बसलेल्या आणि फोटोवाला म्हणाला, वहिनी, सगळे कॅमेऱ्याकडं बघा – आणि मी बघितलं! चार वर्षांत घरातल्या एकाही फोटोत माझे दोन्ही डोळे नाहीत. आज प्रत्येक फोटोत आहेत. नको तिथंही आहेत. जेवतानाच्या फोटोतही मीच, कॅमेऱ्याकडं बघून, तोंडात बुंदी.

छबुअक्का आणि राधाकिशनराव आले होते. त्यांना गेल्या मंगळवारी इंजेक्शन दिलंय. हात अजून उपरण्याखालीच. पंगतीला बसले नाहीत, पण अक्का बसल्या, आत्याबाईंच्या शेजारी.


२४ डिसेंबर

आत्याबाई लेकीबरोबर तिच्या सासरी गेल्या. मामंजी शहादेव – त्यांना काय, पाहुण्यांना पोचवायला म्हणून धारूरला गेले ते तिकडंच रमले. घरात आम्ही दोघंच.

दुपारी प्रवीण ड्युटीवरून आला. मी ताट वाढलं. तो नेहमीसारखा माझ्या डाव्या हाताला बसला. चार वर्षं बसतो, मला दिसावा म्हणून. मी म्हणाले, अहो, समोर बसा की. तो उठून समोर बसला. आणि मग दोघंही लाजलो! सहा वर्षांचं लग्न आणि वरणाच्या वाटीत बघत बसलो, नुकतीच ओळख झाल्यासारखे. त्याच्या नाकावर उजव्या बाजूला एक तीळ आहे. मी विसरले होते.

ह्यापुढचं लिहीत नाही.


१ जानेवारी

नव्या वर्षाचा संकल्प – रोज मानेचे व्यायाम, रोज थोडा वेळ स्कूटी, रोज समोर बसून जेवण.

तिन्ही जमतायत. तिसरं जास्त.


९ जानेवारी, गुरुवार

छबुअक्कांचा फोन. मी हॅलो म्हणाले, पलीकडून नुसता श्वास. मला वाटलं काही वाईट झालं.

मग म्हणाल्या, "उघडली गं."

रोज हात कोमट पाण्यात धरायचा, एकेक बोट हळू सोडवायचं, असं तिथल्या व्यायामवाल्या बाईंनी शिकवलंय. चार दिवसांपासून थोडी थोडी सैल होत होती. आज सकाळी सगळी बोटं सोडवली. तळवा दिसला. पांढरा फटक, नखांचे खड्डे पडलेले. अक्कांनी नखं कापली. साबण लावून हात धुतला. तेल लावलं. राधाकिशनराव हात तसाच अक्कांच्या मांडीवर ठेवून बसून राहिले. आणि दुपारी म्हणाले, माझं ताट इथंच आण, तुझ्या शेजारी.

अक्का सांगत होत्या आणि मी दुकानात उभ्या उभ्या डोळे पुसत होते. खुर्चीतली बाई घाबरली, तिला वाटलं तिच्या फेशियलचं काही बिघडलं.


१४ जानेवारी

संक्रांत. वाड्यावरून वाणाचं ताट आलं, तिळगूळ आणि साडी. आत्याबाईंनी साडी उलटीपालटी करून बघितली. म्हणाल्या, "काठ चांगला हाय." मग साडीची घडी घालता घालता, "आता ओसरीवर बसू नको गेलीस तर. आत बस."


३ फेब्रुवारी, सोमवार

ओढ जाणवली. आज दुपारी, डावीकडं, बारीकशी. कुणी पदर ओढावा तशी.

माहीत होतं. फ्यूज परत बसणारच होता. बुधवारी बारा तारखेला पुढचं इंजेक्शन, तारीख आधीच घेऊन ठेवलीय. पण वीज काय असते ते कळलं नव्हतं तोवर अंधाराचं काही वाटत नव्हतं. प्रवीण म्हणाला, आठ-नऊ दिवसांचा तर प्रश्न आहे. खरंच. आठ-नऊ दिवस! मी घाबरायचं नाही असं ठरवलंय. बोट आहेच हनुवटीला.

फक्त जेवण जात नाही. सकाळी फोडणीचा वास आला की नको होतं.


६ फेब्रुवारी

वनिता माहेरपणाला आली. माझ्या तोंडाकडं बघितलं, ताटाकडं बघितलं, आणि मेडिकलमधे गेली.


७ फेब्रुवारी, शुक्रवार

दोन रेघा.

चार वर्षांत हा विषय आम्ही काढलाच नव्हता. मीच गप्प बसवलं होतं त्याला – ज्या बाईला पोराकडं नीट बघता येत नाही तिनं पोर कशाला आणायचं.

मॅडमना फोन केला. आधी भरभरून हसल्या. मग हळू सांगितलं की बाराची तारीख आता रद्द. पोटुशी असताना हे देत नाहीत. बाळ होईपर्यंत नाही, नंतर पाजत असतानाही बघूनच. पंचशीला, मान परत जाईल. तयारी ठेव.

प्रवीण समोर बसलेला. काय करायचं, असं त्यानं विचारलंसुद्धा नाही, नुसता माझ्या तोंडाकडं बघत होता, घाबरलेला, आणि हसू आवरत नव्हतं त्याला.

मी त्याला सांगितलं – जाऊ दे डावीकडं. बाळाला डाव्या हातावर घेईन.